शेठकडे जायच्या आधी चिठ्ठ्यांचं बुक उघडा भाऊ

भाऊ, तुमचं वाचलं अन मले माझीच जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी अन रुई अलग करायचा कारखाना, दिसली. सुपरवायझर आणि वजन करणारा काट्यावाला दिवाळीपासून बोलत नाहीत, मुनीमजी एकाच्या बाजूनं, कापसाच्या गाड्या गेटवर दोन-दोन तास उभ्या, आणि तुम्ही विचारता की सरळ शेठला जाऊन सांगू का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या ऑफिसात सहा हंगाम काढले, कापसाचं मॉइश्चर, म्हणजे ओलावा, मोजणं आणि चिठ्ठी लिहिणं माझ्याकडे होतं. मी असाच सरळ गेलो होतो, म्हणून सांगतो, जाऊ नका. निदान रिकाम्या हातानं जाऊ नका.

आमच्याकडे भांडणाचं कारण काय, तर बोनसची यादी. कोणाला जास्त, कोणाला कमी, बस. त्यावरून ऑफिसचे दोन तट पडले, चहाच्या टपऱ्यासुद्धा दोन झाल्या, एक गेटच्या इकून अन एक तिकून. तोवर हसण्यावारी होतं. पण काट्यावरून यार्डात जो फोन जायचा ना, "ही गाडी ओली हाय, अलग टाका", तो बंद झाला. फोन करायचा तर बोलावं लागते.

आता बारा टक्क्यांच्या वर मॉइश्चर असलेला कापूस कोरड्या गंजीत, म्हणजे ढिगात, जाऊ देत नाहीत हे तुम्हाला काय सांगायचं. एका सकाळी एका गाडीला मीटरवर १४ आलं, मी चिठ्ठीवर लिहिलं, वर गोल केला. दुपारी पाहतो तर ती गाडी चांगल्या गंजीवर खाली झालेली. यार्डवाला म्हणे मले कोणी सांगतलं नाही, काट्यावाला म्हणे चिठ्ठीवर लिवलं हाय, वाचता येत नाही का. दोन दिवसांनी गंजीत कोपरापर्यंत हात घातला तर आतून गरम, हाताला दमट वास. रुई पिवळी पडणार, सरकीचंही वाटोळं, हे तिथंच समजलं.

माझं डोकं फिरलं. तसाच शेठच्या केबिनमध्ये घुसलो. "शेठजी, काट्यावाला मुद्दाम करून राहिला, मुनीमजीचं त्याले पाठबळ हाय, लय राजकारण चालू हाय इथं." शेठ हिशेब पाहत होता, मान वर न करता विचारलं, "किती गाड्या?" मी म्हटलं लय. "किती क्विंटल?" मी गप. अन गंमत म्हणजे कार्बन कॉपीचं बुक माझ्या काखेतच होतं, गाडी नंबर, वेळ, मॉइश्चर सगळं त्यात. उघडून दाखवायचं सुचलंच नाही, डोक्यात तो माणूस बसला होता, गंजी कुठल्या कुठे राहिली.

संध्याकाळी मुनीमजीनं बोलावून चहा पाजला, त्यांच्या टपरीवर. "काय म्हने आज शेठले?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी रात्रपाळीत, मीटर त्यांच्या भाच्याकडे. पुढच्या दसऱ्याला नव्या हंगामासाठी सगळ्यांना फोन गेले, मले नाही.

आणि मार कोणाला बसला ते पहा. ऑफिसवाल्याचा पगार महिन्याचा, दोन तास भांडला तरी तेवढाच. हमालाला क्विंटलमागे पैसे, गाडी अडली की त्याची मजुरी अडली. आमचे दोन चांगले हमाल त्याच महिन्यात दुसऱ्या जिनिंगला गेले, मग गाड्या अजूनच उशिरा खाली व्हायला लागल्या. एका शेतकऱ्यानं गेटवरूनच ट्रॅक्टर वळवला आणि जाता जाता जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. रुईच्या १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, आता वळलेल्या गाड्यांच्या गाठी मोजा. ही भाषा शेठला समजते. राजकारण म्हटलं की तो ऐकत नाही, कारण त्यातलं अर्धं त्याच्याच घरचं असते.

म्हणून आठ दिवस नुसतं लिहा, गाडी किती वाजता आली, काटा कधी झाला, खाली कधी झाली. कोणाचं नाव नाही. मग जा, आणि मुनीमजीला आधी सांगून जा. काहीजण म्हणतील त्याला कशाला, पण संध्याकाळपर्यंत त्याला समजणारच असते. चहा दोन्ही टपऱ्यांवर प्या. तुमच्या शेठचा स्वभाव मी जाणत नाही, उद्या उलटं झालं तर मले शिव्या देऊ नका.

अजून एक, विषय वेगळा आहे पण सांगतोच. हजेरीच्या पानाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी कामगाराला पाच वर्षं भरली की हंगामामागे ७ दिवसांचा पगार धरला होता. आता नवे लेबर कोड आलेत, तेव्हा नेमकं काय ते वकिलाला विचारा, मी वकील नाही. मी त्यासाठी एका कार्यालयात चार चकरा मारल्या, दरवेळी तेच, हजेरीचा पुरावा आणा. हजेरी रजिस्टर कोणाच्या कपाटात? मुनीमजीच्या.

बरं, तुमच्याकडे काटाचिठ्ठी किती प्रतींत निघते, आणि तिच्यावर वेळ छापून येते का? तेवढं सांगा, वहीत काय काय लिहायचं ते मग सांगतो.