थंडीत सायकल चालवताना जाड स्वेटर पुरतो का?

नाही, उलट तोच गोत्यात आणतो. ५ अंशांत ताशी ३० किलोमीटरने गेलात तर वाऱ्यामुळे शून्याच्या आसपासची थंडी जाणवते, हे खरं. पण चढावर स्वेटर घामाने भिजतो आणि उतारावर हुडहुडी भरते. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर घाला (सुती बनियन नकोच, ते ओलंच राहतं). वरून वारा अडवणारं, पुढे चेन असलेलं जॅकेट. चढ आला की चेन उघडायची. निघताना किंचित गारठल्यासारखं वाटलं तर कपडे बरोबर आहेत.

हातमोजे मात्र जाडच हवेत. पायांत दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त नीट पोचत नाही, बोटं आणखी बधिर होतात. मी एक अख्खा हिवाळा हाच शहाणपणा केला. त्यापेक्षा बुटांवरून कव्हर चढवा.