सोनेरी रंग नको, उजेड बदला

प्रश्न : मुंबईच्या सीएसएमटी स्थानकाच्या दर्शनी भागावरच्या पानाफुलांच्या नक्षीची, हाताने ओतलेली प्लास्टरची प्रतिकृती मुलाने भेट दिली. हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली, पण अगदीच सपाट दिसते. सोनेरी रंग मारावा का? आणि पावसाळ्यात ती टिकेल ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रंगाचा डबा आणला असेल तर दुकानात परत करून या. दोष नक्षीचा नाही, समोरच्या ट्यूबलाइटचा आहे. समोरून पडणारा उजेड सगळा उठाव खाऊन टाकतो. ही नक्षी मुळात उन्हासाठी कोरलेली. १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीचं बरंचसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. पानाखाली दगडात खोल खाच मारायची, ती तिथे सावली बसावी म्हणून. दुपार कलल्यावर स्थानकासमोर उभे राहून बघा (धक्के खायची तयारी ठेवा), म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. रंगाचे दोन हात मारलेत की नेमक्या त्याच खाचा बुजतात.

तेव्हा खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर ती हलवा. दिवा लावायचाच तर वरून, एका बाजूने. खालून नको, वर उठलेलं पान आत खचल्यासारखं दिसायला लागतं.

आता पावसाळा. प्लास्टर म्हणजे भाजलेल्या जिप्समची पूड. पाणी घातलं की तिचं पुन्हा जिप्सम होतं, आणि घट्ट होताना ते किंचित फुगतं, म्हणून साच्यातली बारीकशी रेघही उमटते. पण जिप्सम पाण्यात थोडं का होईना, विरघळतं. दर रविवारी ओल्या फडक्याने पुसाल तर आधी पानांच्या कडा जातील. मऊ, कोरडा ब्रश पुरे. पाऊस झोडपतो ती बाहेरची भिंत टाळा आणि मागे बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळू द्या. मागचा हुक लोखंडी असेल तर आजच बदला, पितळी लावा. गंज प्लास्टरमधून झिरपत पुढे येतो आणि तो तपकिरी डाग काही केल्या निघत नाही. फूटभर चौरस, दोन इंच जाड भरीव तुकडा पाच किलोच्या घरात जातो. नुसत्या खिळ्यावर विसंबू नका, प्लग ठोकून स्क्रू बसवा.

प्रश्न : प्रदर्शनात अशा प्रतिकृती विकायला असतात. चांगलं ओतकाम कसं ओळखावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी उलटी करा. मागे काथ्याचे धागे दिसले तर कारागिराने मजबुतीचा विचार केलाय. पेणचे मूर्तिकारही प्लास्टरच्या गणपतीत काथ्या घालतात. बोटाने टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर आत ओल आहे किंवा तडा. मग कडा बघा. वापरलेल्या साबणासारख्या गोलसर असतील तर साचा थकलाय, नाहीतर प्रतिकृतीवरूनच प्रतिकृती काढली आहे. ती घेऊ नका. एखादा बारीक बुडबुडा मात्र मी माफ करतो. तो नेमका पानाच्या टोकावर असेल तर भाव पाडून मागा.