गाठीतला प्राणवायू आणि रेडिएशन: वाचकांचे प्रश्न

तासगावहून एक वाचक विचारतात: वडिलांना घशाचा कॅन्सर आहे. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ दिसतो. तरी डॉक्टर म्हणाले, गाठीत ऑक्सिजन कमी असू शकतो. हे कसं?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बोटावरचं मशीन रक्ताने किती प्राणवायू उचलला तेवढंच सांगतं. तो शेवटच्या पेशीपर्यंत पोचला का, हे त्याला कळत नाही. तुमच्या भागात म्हैसाळ सिंचन योजनेचं आवर्तन सुटतं तेव्हा कालवा भरून वाहत असतो, आणि तरी टेलच्या बागेला पाणी मिळत नाही. वाटेतलेच उपसून घेतात. गाठीत नेमकं हेच होतं. रक्तवाहिनीलगतच्या पेशी प्राणवायू वापरून टाकतात आणि साधारण ०.१५ मिलिमीटरच्या पलीकडे काही उरत नाही. ब्रिटनमधल्या टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या गाठींचे काप तपासून हे अंतर दाखवलं. त्यातून गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, अधूनमधून बंदही पडतात.

याचा रेडिएशनशी संबंध काय? किरण पेशीतल्या पाण्यावर आदळले की फ्री रॅडिकल नावाचे अतिशय चंचल कण तयार होतात आणि ते डीएनएला इजा करतात. १ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोसमध्ये एका पेशीच्या डीएनएत सुमारे १,००० एकेरी (एकाच धाग्यातल्या) आणि ४०च्या आसपास दुहेरी (दोन्ही धाग्यांतल्या) तुटी होतात. पेशीला मारतात त्या मुख्यतः दुहेरी. पण इजा झाल्या क्षणी एक शर्यत सुरू होते. पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक रसायन हायड्रोजन देऊन ती जागा पूर्ववत करायला धावतं. प्राणवायू आधी पोचला तर तो तिथे जोडला जातो आणि इजा पक्की होते. ही शर्यत काही मिलिसेकंदांत संपते, म्हणून प्राणवायू किरण पडताना तिथे हजर असावा लागतो. नंतर येऊन उपयोग नाही. प्राणवायू अजिबात नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. गाठीचा तो कोरडा कोपरा आम्हा रेडिएशन देणाऱ्यांना सतत छळतो, कारण आजार परत उगवतो तो बऱ्याचदा तिथूनच.

कराडहून: मग घरी सिलिंडर आणून रोज ऑक्सिजन दिला तर? की महाबळेश्वरच्या हवेत ठेवावं?

दोन्हीवर खर्च करू नका. रक्त आधीच ९८ टक्के भरलेलं आहे, नळीने त्यात फारशी भर पडत नाही. महाबळेश्वर उंचावर असल्याने तिथल्या हवेत प्राणवायूचा दाब उलट थोडा कमीच असतो. १९५०च्या दशकात लंडनमध्ये रुग्णाला जादा दाबाच्या ऑक्सिजन टाकीत ठेवून रेडिएशन देण्याचे प्रयोग झाले. काही गाठींत फायदा दिसला, पण पद्धत अवघड होती आणि दुष्परिणामही होते, म्हणून ती सर्रास रुळली नाही. डेन्मार्कमध्ये घशाच्या कॅन्सरसाठी निमोराझोल हे प्राणवायूसारखं काम करणारं औषध वापरतात.

जतहून: बहिणीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. हिमोग्लोबिन ८ म्हणून आधी रक्त चढवलं. रक्त वाढवायची इंजेक्शनं का देत नाहीत?

डॉक्टरांचं पाऊल योग्य आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्राणवायू वाहणाऱ्या गाड्याच कमी, आणि अशा रुग्णांत रेडिएशनचा निकाल कमी चांगला दिसतो. रक्तस्राव चालू असेल तर तोही थांबवावा लागतो. इंजेक्शनांबाबत मात्र सावध राहा. डोकं-मानेच्या कॅन्सरवरची एक युरोपीय चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनने हिमोग्लोबिन वाढलं, पण आजारावरचा ताबा उलट घटला. आकडा वाढला म्हणजे गाठ हरली, असं समीकरण मांडता येत नाही.

वाळव्याहून: नवरा लाईट (रेडिएशन) घेतोय आणि बिडीही ओढतोय. वर कोणीतरी हळदीच्या कॅप्सूल दिल्यात.

बिडी आजच बंद. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. म्हणजे लाईटच्या वेळी गाठीकडे जाणारा प्राणवायू आपल्याच हाताने अडवला जातो. ताई, एकट्याने सुटत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषधं मिळतात. आमटीतली हळद खुशाल खाऊ द्या. कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको: रेडिएशन फ्री रॅडिकलच्या जोरावर चालतं आणि हळदीतली अँटीऑक्सिडंट द्रव्यं त्यांनाच विझवू शकतात.

कोरेगावहून: ऊसतोड आली आहे. मधले आठ दिवस लाईट थांबवून नंतर भरून काढता येईल का?

नाही. रोज थोडा थोडा डोस देण्यामागे कारण आहे. वाहिनीजवळच्या पेशी मेल्या की त्यांचा प्राणवायू आतल्या उपाशी पेशींना मिळतो, आणि पुढच्या डोसला त्या सापडतात. मध्ये खंड पडला तर वाचलेल्या पेशी भराभर वाढतात. घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये लांबलेल्या प्रत्येक दिवसाला ताबा सुमारे १ टक्क्याने घटतो. टोळीच्या मुकादमाला निरोप द्या, तोड भावकीवर सोपवा. एखादा दिवस खरोखरच चुकला, तर त्याच दिवशी विभागात फोन करा. शनिवारी जादा पाळी लावून तो भरून काढता येतो, पण आम्हाला वेळेत कळलं तरच.