जहाज घेतलंय, ताबा कधी?

प्रश्न : मी परळला राहतो, वय 24, नोकरीला लागून दीड वर्ष झालं. मी आणि माझा मावसभाऊ दोघं स्टार सिटिझन खेळतो, अवकाशातल्या जहाजांचा ऑनलाइन गेम, ज्यात जहाजं खऱ्या पैशानेही विकत मिळतात. मी सगळ्यात स्वस्तातलं 45 डॉलरचं पॅकेज घेतलं, अरोरा जहाजवालं. भावाने बोनस आला तसा तीन जहाजं घेतली, त्यातलं एक मायनिंगचं. आता तो मला दर वेळी उडवतो आणि वर म्हणतो की हे पे-टू-विन (म्हणजे पैसे टाकून जिंकणं) नाहीच, या गेममध्ये जिंकणं असं काही नसतं, मी फक्त गेम बनवणाऱ्यांना मदत केली. यावरून गणपतीत आरती संपल्या संपल्या एवढं भांडण झालं की मावशीला वाटलं आम्ही जमिनीच्या हिश्शावरून भांडतोय. तुम्हीच सांगा कोण बरोबर. – अरोरावाला, परळ

उत्तर : अरोरावाल्या, तू बरोबर आहेस, पण कारण साफ चुकीचं देतोयस, म्हणून हरतोयस (भांडणात पण).

तो तुला उडवतो याचं खापर जहाजाच्या किमतीवर फोडू नकोस. या गेममध्ये समोरासमोरच्या मारामारीत हात कसा चालतो याला खूप महत्त्व आहे, आणि महाग म्हणजे भारी असं तर मुळीच नाही. हॅमरहेडचंच बघ, 700 डॉलरच्या वरचं जहाज, सहा टरेट, म्हणजे तोफेवर बसायला सहा माणसं पाहिजेत, चालवणारा वेगळा. एवढी माणसं रात्री अकराला ऑनलाइन जमवणं म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला कर्जत लोकलमध्ये एका डब्यात चढवण्यासारखं आहे, आणि एकटा माणूस ते घेऊन निघाला तर तो नुसता मोठा भोपळा, कुणीही येऊन टोचून जावं. आमच्या गल्लीत ज्याची बॅट तो ओपनिंगला जायचा आणि त्याला एकदा आउट केलं तर तो 'ट्रायल होती' म्हणायचा, पण तरी धावा काही व्हायच्या नाहीत त्याच्या. तुझ्या भावाचा हात खरंच चांगला असेल. एकदा त्यालाच अरोरा दे आणि तू त्याचं जहाज घे, दोन तासांत कळेल.

खरी गोची त्याच्या लढाऊ जहाजात नाहीच, मायनिंगच्या जहाजात आहे, ज्याच्याबद्दल तू अर्धं वाक्य लिहिलंयस. प्रॉस्पेक्टर घेतलं असणार, कारण एकट्याने मायनिंग करणारे बहुतेक तेच घेतात. आता तू काय करतोस, छोट्या अरोरातून पार्सलं पोचवतोस, दोन-चार मिशनं मारतोस, थोडे पैसे जमले की तेच मायनिंगचं जहाज गेममधल्या पैशाने भाड्याने घेतोस, दिवसभर दगड फोडतोस आणि भाडं वजा जाता जे उरलं ते तुझं. शेठची टॅक्सी चालवणाऱ्याला विचार, रोजचं भाडं चुकवून घरी किती नेतो ते, आणि ज्याची स्वतःची टॅक्सी आहे त्याला पण विचार. दोघं तेवढाच वेळ स्टेअरिंगवर बसतात, दोघांना दादरचा ट्रॅफिक तेवढाच लागतो. भाऊ पहिल्या दिवसापासून स्वतःच्या टॅक्सीत बसला आणि ती टॅक्सी त्याने कार्डाने घेतली. याला लोक 'फक्त वेळ वाचवला' म्हणतात. पण बाबा, ज्या गेममध्ये सगळं काही वेळ घालूनच मिळवायचंय तिथे वेळ विकत घेणं म्हणजेच पुढे जाणं विकत घेणं, मग त्याला पे-टू-विन म्हणा नाहीतर उपवासाचा बटाटेवडा म्हणा.

आणि वाइप विसरू नकोस. गेम अजून अल्फात आहे, म्हणजे अर्धवट, चाचणीच्या अवस्थेत, त्यामुळे मधूनमधून सगळं पुसून नव्याने सुरू करतात, मार्च 2023 मध्ये 3.18 ही आवृत्ती आली तेव्हा असंच झालं. गेममधल्या पैशाने मिळवलेली जहाजं गेली, खऱ्या पैशाने घेतलेली राहिली. महिनोन्महिने घासून खेळून कमावणारा आणि एका क्लिकवर घेणारा, दोघांचा माल एकाच गोदामात होता, पूर आला आणि वाहून गेला फक्त एकाचा! यावर कंपनी म्हणते की ही टेस्टिंगची अवस्था आहे, अंतिम गेममध्ये असं नसेल. असेलही खरं. पण लोक आज खेळतायत ना, त्यांची संध्याकाळ आजची आहे.

जुन्या गेमशी तुलना केली की हा फरक नीट दिसतो. ईव्ह ऑनलाइन हा 2003 चा अवकाशातलाच गेम, स्टार सिटिझनसारखा लोकवर्गणीतून उभा राहिलेला नाही, पण 2008 पासून तिथे खरे पैसे देऊन प्लेक्स नावाचं टोकन घ्यायचं आणि गेमच्या बाजारात विकून गेमचा पैसा करायचा, असं अधिकृतपणे चालतं. म्हणजे तिथे पण पैशावाला मोठं जहाज घेऊ शकतो. मात्र ते फुटलं की फुटलं. जानेवारी 2014 मध्ये बी-आर फाइव्ह आरबी नावाच्या सिस्टीममध्ये एवढी मोठी लढाई झाली की एका दिवसात 75 टायटन जहाजं, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी, कायमची गेली, आणि सुरुवात कशावरून तर कुणीतरी त्या जागेचं बिल वेळेवर भरलं नाही म्हणून (सोसायटीच्या मेंटेनन्सवरून झालेली महायुद्धं आपण पाहिलीच आहेत). विकत घेतलेलं पण जळतं हा तिथला न्याय आहे. स्टार सिटिझनमध्ये जहाज फुटलं की विम्याचा क्लेम टाकायचा, थोडं थांबायचं, जहाज परत. तुझ्या भावाचे पैसे कधीच धोक्यात नसतात, ही मला जास्त खुपणारी गोष्ट आहे.

आता त्याचं 'जिंकणं नसतंच' आणि 'मदत केली'. पहिलं अर्धं खरं आहे, शेवटचा बॉस नाही, कप नाही. पण एका ठिकाणी दोघांना एकच खाण पाहिजे असली, किंवा मालवाहू जहाज अडवून लुटायचं असलं, की जिंकणारा आणि हरणारा लगेच तयार होतो. दुसरं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण 2012 मध्ये ती खरंच मदत होती. हा गेम काढणाऱ्या क्रिस रॉबर्ट्सने आधी विंग कमांडर हा गाजलेला स्पेस गेम बनवला होता, मोठ्या कंपन्या स्पेस गेमवर पैसा लावायला तयार नव्हत्या, त्याने लोकांकडे मागितले आणि एकट्या किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 21 लाख डॉलर जमले. जहाज ही तेव्हा देणगीची पावती होती, प्रसादाच्या नारळासारखी. गेम 2014 ला येणार होता. ती वर्गणी 2025 मध्ये 80 कोटी डॉलरच्या पुढे गेली, जहाजं निघतच आहेत, गेम अल्फात आहे. मंडप दहा वर्षं तसाच आणि पावतीपुस्तक चालूच, असं झालं की त्याला वर्गणी म्हणायचं की दुकान, हे तूच ठरव. 2018 मध्ये 27 हजार डॉलरचा लेगाटस पॅक (जवळपास सगळी जहाजं एकत्र) काढला होता, जो नुसता बघायला मिळावा म्हणून आधी हजार डॉलर खर्च केलेले असावे लागायचे, नंतर तो 48 हजारांवर गेला. म्हणजे आपले चाळीस लाखांच्या वर. बदलापूरला वन बीएचके येतो, आणि त्यात निदान झोपता तरी येतं.

एक गोष्ट भावाला नक्की सांग. 2025 मध्ये कंपनीने फ्लाइट ब्लेड नावाचे पार्ट आणले, जहाजाची उडण्याची क्षमता बदलणारे, आणि सुरुवातीला ते फक्त खऱ्या पैशाने. तेव्हा हेच पे-टू-विन नाही म्हणणारे जुने बॅकर, म्हणजे पैसे लावणारे, एवढे भडकले की कंपनीला मागे येऊन ते गेममध्ये पण द्यावे लागले. म्हणजे रेष कुठेतरी आहे हे त्यांना पण मान्य आहे, फक्त स्वतःचं जहाज तिच्या अलीकडे असतं, दुसऱ्याचं पलीकडे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याने वडिलांच्या कार्डावरून स्टार सिटिझनमधल्या एका जहाजाचे जवळपास 20 हजार भरले आणि आता कळतंय की ते जहाज गेममध्ये अजून बनलेलंच नाही, फक्त चित्र आहे. ही फसवणूक आहे का? पैसे परत मिळतील? – एक आई, गिरगाव

उत्तर : ताई, आधी पैशाचं. 30 दिवस झाले नसतील तर आजच त्याच्याच अकाउंटवरून रिफंड मागायला लावा, स्वतः शेजारी बसा. इथे एक फसायची जागा आहे : तिथे 'मेल्ट' म्हणून एक प्रकार आहे, जहाज मोडलं की पैसे परत येतात असं वाटतं पण ते स्टोअर क्रेडिट असतं, बँकेत काही येत नाही, तुळशीबागेतल्या 'बदलून घ्या, पैसे परत नाही'सारखं. तो चुकून आधी मेल्ट करून बसेल म्हणून सांगतेय.

फसवणूक म्हणाल तर कायद्याने नाही म्हणता येणार, कारण लिहिलेलं असतं की हे कन्सेप्ट आहे, म्हणजे नुसती कल्पना, अजून बनलेलं नाही. 2021 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे नेमकी हीच तक्रार गेली होती, की न बनलेली जहाजं विकताना तसं ठळकपणे सांगत नाहीत, आणि त्यानंतर कंपनी तशी सूचना टाकायला लागली. तुमच्या मुलाने ती वाचली असण्याची शक्यता, अकरावीचा मुलगा आहे म्हणून, शून्य.

आणि रागवताना जरा दमाने घ्या हो, कारण आपण मोठ्यांनी पण हेच केलंय. 2012 साली माझ्या वडिलांनी मीरा रोडच्या पुढे एका टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला, सँपल फ्लॅट असा की पडद्याला हात लावावासा वाटेल, ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल आणि त्यात पोहणारी एक गोरी बाई. ताबा 2015 ला. मग 2017 ला. बिल्डर दर दिवाळीला मिठाई पाठवायचा आणि बरोबर नव्या फेजचं ब्रोशर, आणि बाबा (मी शपथेवर सांगते) ते ब्रोशर पण नीट वाचायचे, तिसऱ्या फेजला पार्किंग जास्त चांगलं आहे म्हणायचे. एकदा पैसे अडकले की माणूस त्या जागेचा वकील होतो, कुणी वाईट बोललं तर त्यालाच राग येतो. आपल्याकडे 2017 ला महारेरा आलं, बिल्डरला नोंदणी करावी लागते, तारीख द्यावी लागते, तक्रार कुठे करायची ते ठिकाण आहे. अवकाशातल्या जहाजाला रेरा नाही. मुलाला विचारा, त्याचं जहाज कुठल्या महिन्यात मिळणार असं कंपनीने लिहून दिलंय का. उत्तर त्याचं त्यालाच सापडू द्या.

कार्डाचं आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं बटण बँकेच्या अ‍ॅपमध्ये बंद करून ठेवा, नाहीतर डॉलरच्या भावावर बँकेचा मार्कअप आणि त्यावर जीएसटी असं लागून आकडा फुगतो ते वेगळंच.

प्रश्न : या कटकटीपेक्षा एलिट डेंजरस हा दुसरा स्पेस गेम बरा का? तिथे तरी सगळं खेळून मिळतं ना? – बोरिवलीकर

उत्तर : मिळायचं. तो पण 2012 च्याच किकस्टार्टरचा, पण डिसेंबर 2014 ला खरंच बाहेर आला, त्याबद्दल मानलं पाहिजे. मात्र 2024 मध्ये तिथेही पायथन मार्क टू नावाचं जहाज खऱ्या पैशावाल्यांना आधी दिलं आणि खेळून कमावणाऱ्यांना तीन महिन्यांनी. आधी-नंतरचा फरक आहे, शेवटी सगळ्यांना मिळतं, म्हणून मी तरी त्याला पे-टू-विन म्हणणार नाही, रांगेत घुसणं म्हणेन. सिद्धिविनायकाला पण वेगळी रांग असते.

स्टार सिटिझनच बघायचं असेल तर नोव्हेंबरपर्यंत थांब, तेव्हा त्यांचं जहाजांचं प्रदर्शन असतं आणि बरीचशी जहाजं काही दिवस फुकट चालवायला मिळतात. फक्त गेम शंभर जीबीच्या वर आहे, एसएसडीच लागते, आणि तुमच्या बिल्डिंगचं वायफाय आमच्यासारखंच असेल तर डाउनलोड नवरात्रातच लावून ठेव.