वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन गेम अडखळतो तेव्हा

प्रश्न : ऐन लढाईत गेमचे चित्र अडखळू लागते, म्हणून मी इंटरनेटचा वेग दुप्पट करून घेतला आणि वायफाय सोडून केबल जोडली. पिंग आता ३० मिलिसेकंदांच्या आत असतो, तरी अडखळणे थांबलेले नाही. आणखी किती वेग घ्यावा?

उत्तर : आणखी वेग घेऊ नये, तो पैसा वाया जाईल. आपल्या संगणकाचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास जो वेळ लागतो तो पिंग, आणि आपला संगणक एका सेकंदात जितकी चित्रे काढतो ती संख्या म्हणजे फ्रेम रेट. क्लाउड गेमिंगचा (म्हणजे गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून फक्त चित्र घरी पाठवण्याच्या सेवेचा) अपवाद सोडल्यास सर्व्हरकडून चित्रे येतच नाहीत. कोणता खेळाडू कोठे आहे, कोणी गोळी झाडली, एवढीच माहिती येते आणि तिच्यावरून दृश्य उभे करण्याचे सगळे काम घरच्या संगणकालाच करावे लागते. पिंग वाढणे आणि फ्रेम रेट घसरणे या दोन्ही दोषांना सर्रास ‘लॅग’ म्हटले जाते आणि निम्मा घोटाळा त्या एका शब्दानेच केला आहे.

दोष कोणता आहे हे डोळ्यांनीही ओळखता येते. माउस फिरवल्यावर आपले दृश्य सलग फिरत असेल, पण समोरचे खेळाडू जागच्या जागी गायब होऊन चार हात पुढे उगवत असतील किंवा आपले पात्र मागे खेचले जात असेल, तर दोष नेटवर्कचा आहे. माउस हलवताच भिंती, जमीन, आकाश असे सगळेच दृश्य झटके देत सरकत असेल, तर फ्रेम रेट घसरला आहे. बहुतेक ऑनलाइन गेममध्ये हे दोन्ही आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. ती सुरू करून, चित्र अडखळते त्या क्षणी कोणता आकडा हलतो, ते पाहावे.

प्रश्न : ग्राफिक्सच्या सर्व सेटिंग ‘लो’वर आणल्या, रेझोल्यूशनही कमी केले, पण फ्रेम रेट ४५ ते ५० च्या वर जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर प्रोसेसर ३० टक्के आणि ग्राफिक्स कार्ड ५० टक्केच वापरात दिसते. दोघेही मोकळे असताना काम अडते कोठे?

उत्तर : हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि त्याचे उत्तर त्या ३० टक्क्यांमध्येच दडलेले आहे.

सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाडूंच्या हालचाली, टकरी आणि सर्व्हरकडून आलेली माहिती यांचा हिशेब करून काय काढायचे ते ठरवायचे असते, आणि ग्राफिक्स कार्डाने ते प्रत्यक्ष काढायचे असते. दोघांपैकी जो मागे पडतो त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागते. १९२० × १०८० या रेझोल्यूशनमध्ये २०,७३,६०० पिक्सेल रंगवावे लागतात, तर १२८० × ७२० मध्ये ९,२१,६००. म्हणजे आपण ग्राफिक्स कार्डाचे काम निम्म्याहून कमी केलेत, तरी वेग वाढला नाही. याचा अर्थ ते कार्ड आधीपासूनच वाट पाहत बसले होते. काम प्रोसेसरपाशी अडले आहे.

मग प्रोसेसर ३० टक्केच का दिसतो? कारण तो आकडा सर्व कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची, सरासरी आहे. टास्क मॅनेजर १६ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे कोअर) दाखवत असेल, तर त्यातील एक पूर्ण राबला तरी एकूण वापर जेमतेम ६.२५ टक्के दिसतो. गेममधील मुख्य हिशेब बराचसा एकामागून एकच करावा लागतो, त्यामुळे एक-दोन कोअर घाम गाळत असतात आणि बाकीचे रिकामे असतात. विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत असल्यामुळे प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहिला तरी हे स्पष्ट दिसेलच असे नाही. म्हणून फ्रेम रेटवर मर्यादा घातलेली नसतानाही ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९० टक्क्यांच्या बराच खाली राहणे, हाच अधिक भरवशाचा पुरावा मी मानतो. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अशी मर्यादा चुकून राहून गेलेली नाही ना, तेवढे मात्र आधी तपासावे.

अशा वेळी दूरवरचे दृश्य किती अंतरापर्यंत दिसावे, सावल्या, गर्दीतील पात्रांची संख्या आणि भौतिक परिणाम (वस्तू पडणे, फुटणे यांचा हिशेब) या सेटिंग कमी कराव्यात, कारण प्रोसेसरचा भार त्यांच्यामुळे वाढतो. पार्श्वभूमीला चाललेले ब्राउझर, रेकॉर्डिंग आणि गेमवर तरंगणाऱ्या चॅटच्या खिडक्या बंद कराव्यात. रॅमही पाहावी. एकच पट्टी बसवलेली असेल तर मेमरीच्या दोन मार्गांपैकी एकच वापरला जातो आणि माहितीची वाहतूक निम्म्यावर येते. डेस्कटॉपमध्ये दोन पट्ट्या असूनही बायोसमधील (संगणकाच्या मूळ सेटिंगमधील) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे रॅमला पूर्ण वेगाने चालवणारे प्रोफाइल बंद असेल, तर रॅम तिच्यावर छापलेल्या वेगापेक्षा सावकाश चालते. किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे, हे टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दिसते.

रेझोल्यूशन आणि टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रे) मात्र खुशाल पुन्हा वाढवावेत. कार्ड मोकळेच आहे. चित्र उगाच धूसर ठेवून काहीच मिळत नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर या तंत्रांनी कमी रेझोल्यूशनचे चित्र मोठे करण्याचा उपायही याच कारणाने येथे फारसा लागू पडणार नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर पहिली १५ मिनिटे ९० फ्रेम मिळतात, मग वेग ४० वर येतो आणि तेथेच राहतो. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तरी फरक पडत नाही. अर्धा तास विश्रांती दिली की पुन्हा ९०. ड्रायव्हर बदलावा का?

उत्तर : ड्रायव्हरला घड्याळ कळत नाही. ठरावीक वेळाने येणारी आणि विश्रांतीने बरी होणारी घसरण बहुधा उष्णतेची असते. लॅपटॉपमधील बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतात. तापमान आणि क्लॉकचा (प्रोसेसरच्या कामाच्या ठोक्यांचा) वेग दाखवणारे एखादे मोफत साधन सुरू ठेवून २० मिनिटे खेळावे. तापमान कमाल पातळीला चिकटले आणि त्याच वेळी क्लॉक खाली आला, तर निदान पक्के झाले.

लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवून खेळत असाल तर ते प्रथम थांबवावे, कारण हवा आत घेण्याच्या जाळ्या बहुधा तळाशीच असतात. मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवल्यानेही तापमान काही अंशांनी उतरते. त्यासाठी महागडे कूलिंग पॅड लगेच घेण्याची गरज नाही. जाळ्यांतील धूळ दाबाच्या हवेने काढताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, नाहीतर ती नको तितकी वेगाने फिरून पंखा बिघडू शकतो. काही वर्षे वापरलेल्या यंत्रात चिपवरील थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर पोहोचवणारा लेप) वाळलेली असू शकते. ती जाणकाराकडून बदलून घ्यावी.

मला सर्वांत आवडणारा उपाय मात्र फुकटचा आहे. गेममध्ये फ्रेम रेटची मर्यादा ६० वर ठेवावी. पहिल्या १५ मिनिटांतील ९० फ्रेम काढण्यासाठी निर्माण झालेली उष्णताच पुढच्या ४० ला कारण होते. हात आणि डोळे एका लयीला सरावलेले असताना सतत मिळणारे ६० हे ९० वरून ४० वर कोसळण्यापेक्षा कितीतरी सुखाचे असतात. खेळताना लॅपटॉपला त्याचाच मूळ चार्जर लावलेला असावा, कारण बॅटरीवर किंवा कमी वॉटच्या चार्जरवर यंत्र आपली ताकद आखडून घेते.

प्रश्न : सरासरी फ्रेम रेट ८० च्या वर असूनही मधूनच हिसका का बसतो?

उत्तर : कारण सरासरी हिसका लपवते. प्रत्येकी १० मिलिसेकंदांची ८५ चित्रे आणि १५० मिलिसेकंदांचे एकच चित्र मिळून बरोबर एक सेकंद होतो. आकडा ८६ दिसेल, पण त्या एका चित्रापाशी हात अडकल्यासारखा वाटेल. म्हणून प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळेचा आलेख पाहावा.

हिसके नवा नकाशा उघडल्यावर किंवा ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतरच्या पहिल्या काही सामन्यांत येत असतील, तर शेडर (रंग आणि प्रकाश ठरवणारे ग्राफिक्स कार्डाचे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत आहेत. ते आपोआप कमी होतील. गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवावा. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी भरून गेली असेल तर टेक्श्चर एक पायरी उतरवावेत.

प्रश्न : नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, पण फ्रेम रेट पूर्वीइतकाच आहे.

उत्तर : मॉनिटरची केबल संगणकाच्या मागे कोठे जोडली आहे ते पाहावे. ती मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असेल तर गेम बहुधा प्रोसेसरमधील ग्राफिक्सवरच चालत आहे. केबल काढून कार्डाच्या सॉकेटमध्ये लावावी. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असल्यास विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.