पुस्तकावर गप्पा मारायचा पगार कोण देणार?

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो, यंत्रमागावर कामाला आहे. मुलीनं यंदा मराठीत एम.ए. केलं. गेलं वर्षभर ती संध्याकाळी जवळच्या वाचनालयात मोठ्या बायकांसाठी पुस्तकावर चर्चा घेते, मधूनमधून गाण्याचे, वाचनाचे कार्यक्रम बसवते. काही जणी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या, काही विड्या वळणाऱ्या. पैसा एक मिळत नाही. आता म्हणते, मला हेच काम करायचंय. पाहुणे म्हणतात, गपचूप बी.एड. करू दे. पुस्तकावर गप्पा मारायचा पगार कोण देणार? – एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर देतो. नुसत्या त्या कामाचा पगार सोलापुरात कुणी देणार नाही. ‘पुस्तकचर्चा घेण्यासाठी पाहिजे’ अशी जाहिरात मी तरी कधी पाहिलेली नाही. पण वाचनालयं, प्रौढांचे वर्ग, स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या संस्था यांना माणसं लागतातच, आणि तिथे अर्ज करणाऱ्यांत दहा मोठ्या माणसांना तासभर बोलतं ठेवता येईल असा माणूस क्वचित असतो. म्हणून तिनं पोटापाण्याला एक पक्की पात्रता घ्यावी आणि हे कसब तिच्या जोडीला ठेवावं. दोन्हींपैकी एकावर भागणार नाही.

ते काम गप्पांचं वाटतं, म्हणून तुम्हाला धास्ती वाटते. तुमच्या भागातल्या विडी कामगारांना पटेल असं एक उदाहरण सांगतो. केरळात कन्नूरच्या विडी कारखान्यांत एकेकाळी एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र, पुस्तक वाचायचा आणि बाकीचे त्याच्या वाट्याच्या विड्या वळून द्यायचे. म्हणजे वाचणाऱ्याची मजुरी ऐकणारे आपल्या हातानं भरत होते. हात कामात आणि कान मोकळे असतात, हे त्यांनी ओळखलं होतं. सोलापुरात बायका विड्या बहुतेक घरीच वळतात, मांडीवर सूप घेऊन. त्यामुळे ऐकायला एकत्र यायची जागा कुणीतरी मुद्दाम करावी लागते. तुमची मुलगी तेच करते आहे.

या कामाला सरकारी आधारही आहे, पण त्यातून पगाराची अपेक्षा धरू नका. केंद्राचा ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी असलेला हा कार्यक्रम स्वयंसेवकांवर चालतो. तिनं त्यात नाव जरूर नोंदवावं, अनुभव म्हणून. अक्षरओळख होऊन परीक्षा दिलेली बाई पुढे वाचायला काही मिळालं नाही, तर वर्षा-दोन वर्षांत अक्षरं विसरते. साक्षरतेच्या जुन्या मोहिमांचं खरं दुखणं तेच होतं. साक्षरतेनंतरची ही पायरी कोण सांभाळणार, हा प्रश्न अजून मोकळाच आहे आणि तुमची मुलगी नेमकी तिथेच उभी आहे.

आता बी.एड. वाईट नाही. दोन वर्षांचा कोर्स, मग पात्रतेच्या नि अभियोग्यतेच्या चाचण्या, मग ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवर शिक्षकभरतीची वाट बघणं. शाळेत शिकवायची ओढ असेल तर अवश्य करावं. पण तिथला सगळा भर मुलांवर असतो, आणि वर्गात उत्तर माहीत असलेला एकटा मास्तर असतो. चाळीस वर्षांच्या बाईसमोर ते चालत नाही. पाहुणे म्हणतात म्हणून तिला तिकडे ढकलू नका.

मी तिला ग्रंथालयशास्त्राकडे पाठवीन. पदवीनंतर बी.लिब. एका वर्षाचं, एम.लिब. आणखी एका वर्षाचं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातून नोकरी करत करतही ते करता येतं. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. तिथे पगार चांगला, जागा मोजक्या. सार्वजनिक वाचनालयांचं मात्र तिला डोळे उघडे ठेवून सांगा. राज्याच्या १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ही वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत, अनुदान वर्गानुसार मिळतं, आणि कर्मचाऱ्यांचा पगार त्यातूनच निघतो, तोही तुटपुंजा. वेतनश्रेणीची त्यांची मागणी जुनी आहे. नुसत्या त्या पगाराच्या भरवशावर तिनं घर चालवायचं ठरवलं, तर मीही तुमच्याच बाजूनं बोलेन.

दुसरी वाट एम.एस.डब्ल्यू.ची, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची. शाळा सुटलेल्या बायकांना दहावीपर्यंत नेणाऱ्या ‘प्रथम’सारख्या संस्था क्षेत्रीय कामाला माणसं घेतात. तिथे पगार असतो, पण प्रकल्प संपला की नोकरी संपते, बदलीची तयारीही लागते. प्रौढ शिक्षणात एम.ए. इग्नूमध्ये आहे; प्रवेशाचं त्या सत्राचं माहितीपत्रक पाहून घ्या. नुसत्या त्या पदवीवर लगेच नोकरी लागेल असं मात्र मी म्हणणार नाही.

आता चार गोष्टी तिच्यासाठी, हे पत्र तिला वाचायला द्या.

पहिल्या दिवशी चष्म्याचं विचार. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायका ‘मला वाचायला येत नाही’ म्हणतात, तेव्हा त्यांना जवळचं दिसतच नसतं. डोळ्यांची तपासणी करून घे, उतारा मोठ्या अक्षरात, ओळींत अंतर सोडून झेरॉक्स काढ. कुणाला उभं करून वाचायला लावू नकोस. तू दहा-पंधरा मिनिटं मोठ्यानं वाच, ज्यांना ओळीवर बोट ठेवून मागोमाग यायचं त्या येतील. आणि ‘लेखकाला काय म्हणायचंय’ असं कधी विचारू नकोस. गोष्टीतल्या सुनेनं सासूला न सांगता पाटल्या गहाण टाकल्या असतील, तर विचार, ‘तुम्ही सांगितलं असतं का?’ मग गप्प बस. अर्धा मिनिट कुणी बोलणार नाही, तो तुला फार लांब वाटेल, पण मध्ये पडू नकोस. एकीनं तोंड उघडलं की बाकीच्या थांबत नाहीत. एकच बाई सगळा वेळ खाते, असं दर गटात होतं. तिला हजेरी घ्यायचं काम दे.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरं पुष्कळ, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्याही असतील. मराठी गोष्टीवर कुणी तेलुगूत मत मांडलं तर टोकू नकोस, शेजारणीला ते मराठीत सांगायला लाव. गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगताना तिला ती पुन्हा समजून घ्यावी लागते, म्हणजे तुझं अर्धं काम शेजारीणच करते.

कार्यक्रम बसवताना सोलापूरचंच भांडवल वापर. मे १९३०मध्ये इथे मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून या बायका ये-जा करतात. त्या चौघांची हकीकत त्यांनीच चार भागांत वाटून वाचली, तर पाहुणा वक्ता लागत नाही. फक्त तारीख सांभाळ. त्याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्याला म्हणजे त्या जत्रेला सगळं शहर लोटतं. आधीचा रविवार धर. नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकरांची मार्कंडेयाची मिरवणूक, त्या दिवशी पूर्व भागात कुणी येणार नाही. बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या दिवसांत तेलुगू बायकांची गाणी आणि मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या एकाच संध्याकाळी ठेव. ओव्यांचा मोठा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतो, पण आधी गटातल्या आजीबाईंना विचार, त्यांच्याकडे वेगळ्या निघतील. आणि कृपा करून दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक यांत पाऊण तास घालवू नकोस. बायका घरचा स्वयंपाक मागे ठेवून येतात.

एक नोंदवही आजच सुरू कर. तारीख, किती जणी आल्या, काय वाचलं, कोण पहिल्यांदा बोललं, आणि त्या आठवड्यात वाचनालयातून किती पुस्तकं घरी गेली. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण वाचनालयाच्या समितीला तोच कळतो. मुलाखतीत ‘मला वाचनाची आवड आहे’ सगळेच म्हणतात, अशी वही कुणाकडे नसते.

आता पुन्हा तुम्हाला. वर्षभर फुकट झालं, ते शिकणं म्हणून ठीक. यापुढे तिनं वाचनालयाच्या समितीला लेखी अर्ज द्यावा : महिन्याला ठरावीक मानधन, झेरॉक्स आणि चहाचा खर्च वेगळा, आणि वर्षअखेरीस अनुभवाचं प्रमाणपत्र. रक्कम किरकोळ असेल, पण कागदावर येऊ दे. समितीनं पैसे नाहीत म्हटलं, तर निदान प्रमाणपत्र आणि सभागृहाचा वापर मागावा. दोन्ही नाकारलं, तर गट घेऊन दुसऱ्या वाचनालयात जावं, तिथे सभासद वाढणार असतील तर कुणी नको म्हणत नाही. बी.लिब.चा अर्ज मात्र या समितीच्या उत्तराची वाट न बघता भरा. आणि एखाद्या संध्याकाळी तुमची कामाची पाळी नसेल, तर तुम्हीही त्या गटात मागच्या बाकावर जाऊन बसा. बायकांना आधी विचारून.