संगणकाचे पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते; काय तपासावे?

पंखे फिरत असूनही स्क्रीनवर काहीच उमटत नसेल, तर वीज निदान काही भागांपर्यंत पोहोचते आहे, त्यामुळे पहिला संशय रॅमवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीवर घ्यावा. संगणक बंद करून विजेची केबल काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि मग रॅमची पट्टी काढून, तिची सोनेरी कडा कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसून, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत ती पुन्हा घट्ट बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहणे मला अत्यावश्यक वाटते, कारण सदोष पट्टी त्यातूनच उघड होते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचे चित्र तयार करणारा भाग) असेल, तर मॉनिटरची केबल त्यालाच जोडलेली असावी. पॉवर सप्लायचा, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा मात्र कधीही उघडू नये. केबल काढल्यानंतरही त्यातील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरू शकतो.